दोराचं टोक : माझी पहिली कथा

कथा परत आली ती मे महिन्याच्या अखेरीस. सोबत संपादकांच्या हातच्या दोनच ओळी होत्या : ‘वादळ डोळ्यांसमोर उभं राहतं, पण ही बातमी झाली. गोष्ट कोणाची आहे ते ठरवा आणि पुन्हा पाठवा.’

मला राग आला. गोष्ट कोणाची म्हणजे? आमचीच की! १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमची होडी गेली. ती रात्र मी स्वतः किनाऱ्यावर काढली होती आणि जे घडलं ते एकही प्रसंग न गाळता लिहिलं होतं. दुपारी वारा फिरला, मग बाबांनी आणि मी होडी ओढून वर घेतली, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाला, दोर बांधला, दुसरं टोक माडाला. मग पत्रे उडाले, मग वीज गेली, मग माड पडायला लागले. पहाटे बघतो तर दोर तुटलेला आणि होडी नाही. यात काय कमी होतं?

मी मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या झापांखाली, त्यामुळे आम्हालाही काम बेताचं. परत आलेले कागद पिशवीत घालून एक दिवस नानांकडे गेलो.

नाना म्हणजे आमचे शेजारी. दशावतारात चाळीस वर्षं राजपार्टी, म्हणजे राजाचं काम, करतात. जत्रांचा हंगाम संपला की शेतात. त्या दिवशी भाताची लावणी चालली होती. ते बांधावर बसले, चिखलाचे हात पावसात धुतले आणि म्हणाले, वाच. छत्री कागदांवर धरून मी वाचलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, फक्त बोटं मोडत होते. शेवटी म्हणाले, “तू ‘मग’ किती येळा म्हटलंस, म्हायती आसा? मी एकतीसपर्यंत मोजलंय.”

मी गप्प.

“ह्या सगळा झाला. पण तुज्या म्हाताऱ्याक व्हया काय?”

“होडी वाचवायची आहे.”

“ती सगळ्यांकच व्हयी. झिलाक काय व्हया?”

माझ्या कथेतला झिल, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, सबंध रात्र नुसती बॅटरी धरून उभा होता. त्याला काहीच नको होतं.

“आमच्याकडे राक्षस येता तो काय उगाच येता? तेका राजाचा चेडू व्हया आसता, नायतर राज्य. राजा म्हणता, देवचंय नाय. मगे सकाळ होयसर आमका काळजी नाय.”

दशावतार मी लहानपणापासून बघतोय, पण त्यातली ही गोम कधी लक्षात आली नव्हती. तिथे छापलेली संहिता नसते. आधी संकासुर वगैरे येऊन आडदशावतार होतो आणि त्यानंतर आख्यान. त्या रात्रीचं आख्यान कोणतं, कोण येणार, कोणाशी भिडणार, एवढं तोंड रंगवता रंगवता ठरतं. संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे. ते जमतं, कारण समोरच्याला काय हवंय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. माझ्याकडे चार रात्री बसून लिहिलेली संहिता होती आणि हे एकच नव्हतं.

तालुक्याच्या वाचनालयात कथालेखनावरची दोन-तीन पुस्तकं मिळाली. बरीचशी कंटाळवाणी. कथानक, पात्र, संघर्ष, वातावरण, निवेदन अशा तक्त्यातून शिकायचं म्हणजे माशाचे भाग पाठ करून कालवण करण्यासारखं. एक मात्र डोक्यात बसलं. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली केंब्रिजमध्ये व्याख्यानं दिली होती. त्यात तो सांगतो की राजा मेला आणि नंतर राणी मेली ही गोष्ट, पण राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. म्हणजे ‘मग’च्या जागी ‘म्हणून’. नाना बांधावर बसून हेच तर सांगत होते.

पहिल्यांदा मी झिलाला काहीतरी हवंसं केलं. आमच्या किनाऱ्यावर त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. तारकर्ली-मालवणला स्कुबा आणि बोटिंगचा धंदा आल्यापासून घरोघरी हेच वाद आहेत. झिलाला जुनी होडी विकून पर्यटकांसाठी बोट घ्यायची आहे. गिऱ्हाईक ठरलंय, विसारही घेतलाय. म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, ‘विकूचंय नाय’ म्हणून बसलाय. एवढं लिहिल्यावर वादळाची दहा पानं आपोआप चार झाली, कारण आता वादळ त्या दोघांच्या भांडणात येऊन पडत होतं. पण शेवट तोच होता. दोर तुटतो, होडी जाते, दोघे रडतात. दैवाने केलं, माणसांनी काहीच केलं नाही.

पुढचं सापडलं ते सोसायटीच्या काउंटरवर.

नायलॉनचा दोर आम्ही किलोवर विकतो. कापला की लगेच टोकाला लायटर लावायचा. टोक वितळून काळं पडतं, ते ओल्या फडक्यात धरून दाबायचं. थंड झालं की टोकाला टणक गोळा बसतो. हे केलं नाही तर पीळ उलगडत जातो. जुलैत एकाला दोर कापून देताना, जळक्या नायलॉनचा वास नाकात असतानाच वाटलं, तुटलेल्या दोराची केरसुणी होते. सुटलेल्या दोराचा गोळा शाबूत राहतो.

समजा, तांडेल पहाटे किनाऱ्यावर जातो. माडाला दोर तसाच बांधलेला आहे. तो ओढत ओढत दुसऱ्या टोकापर्यंत येतो आणि हाताला गोळा लागतो. स्वतः जाळून बसवलेला, जसाच्या तसा. म्हणजे दोर तुटला नाही. नाळेवरची गाठ सुटली. आणि ती गाठ झिलाने मारली होती.

मुद्दाम सैल मारली? घाईत? ते मलाही ठरवायचं नव्हतं. गिऱ्हाइकाने दोर नेला, मी पावती करायची विसरलो.

यानंतर तीन आठवडे गेले ते एकाच प्रश्नात : सांगणार कोण? आधी झिलाच्या तोंडून ‘मी’ असं लिहिलं. पण त्याला गाठीचं सगळं ठाऊक. शेवटपर्यंत लपवावं तर वाचकाशी लबाडी, आधी सांगावं तर पहाटेत दम नाही. लबाड निवेदक मोठ्या लेखकांना पेलतो, मला नाही पेलला. मग सर्वज्ञ निवेदक घेतला, दोघांच्याही मनात शिरणारा. तो तर पंचायतीसारखा दोन्ही बाजू ऐकून घेऊन निकालच द्यायला लागला. शेवटी तृतीयपुरुषातच राहिलो, पण तांडेलाच्या पाठीमागून हललो नाही. त्याला दिसेल तेवढंच, आणि डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तेही अर्धंच. झिल नाळेशी वाकलाय, बॅटरी हलतेय, वाळू पोटऱ्यांवर टोचतेय. गाठ दिसत नाही.

दुसरी अडचण टोक जाळण्याची. ते मी शेवटून दुसऱ्या पानावर घातलं होतं आणि वाचताना ते सरळ सरळ सोयीसाठी आणलेलं दिसत होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत, त्यातली पहिली ‘बीज’ : आरंभी थोडंसंच टाकलेलं आणि पुढे पसरत जाऊन फळाला येणारं. आपण ‘कथाबीज’ म्हणतो ते कल्पनेला. इथे मात्र खरोखर पेरायचं असतं, आणि दाणा वर दिसला तर पाखरं खातात. म्हणून टोक जाळणं पहिल्या पानावर नेलं आणि त्याच वेळी झिलाला विसाराची गोष्ट काढायला लावली. वाचकाचं लक्ष भांडणाकडे, म्हाताऱ्याचे हात कामात. आख्ख्या कथेत मला मनापासून आवडलेली जागा ही एकच.

बाकीचं भराभर झालं. संवाद मालवणीत ठेवले, निवेदन प्रमाण मराठीत. माडांचं वर्णन जवळजवळ सगळं काढलं. (कोकणातल्या कथेत माड नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं म्हणून एक ठेवला, त्याला दोर बांधायचाच होता.)

शेवट तीनदा लिहिला. पहिल्यात म्हातारा विचारतो, “गाठ तू मारलंस ना?” दुसऱ्यात झिल स्वतःच कबूल होतो. दोन्ही नानांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “राजानच सगळा सांगल्यार बसलेल्या लोकांनी काय करूचा?” तिसऱ्यात तांडेल दोर गुंडाळतो, पडवीत खुंटीला अडकवतो आणि सुनेला चहा टाकायला सांगतो. तो राहिला.

ऑगस्टमध्ये कथा पुन्हा पाठवली आणि ती स्वीकारली गेली. आपल्याकडे १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीला फराळासोबत कथा वाचायची चाल. त्या फराळात माझीही एक चकली पडली म्हणून मी दोन दिवस हवेत होतो. अंक पोस्टाने आला तेव्हा बाबा पडवीत बसले होते. चष्मा लावून त्यांनी सलग वाचली, मध्ये एकदा मागची पानं उलटून पहिलं पान परत बघितलं.

“आमचो दोर तुटलेलो,” ते म्हणाले.

“हो. हे कथेतलं आहे.”

“नाळेक तूच बांधलेलंस.”

“हो बाबा.”

त्यांनी अंक मिटून ठेवला, पुढे काही बोलले नाहीत.

त्या दोराचा उरलेला तुकडा आम्ही मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बांधलाय. रात्री पाणी प्यायला उठलो तर मागचं दार उघडं होतं. बाबा दोरीखाली उभे होते, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताने टोक चाचपत.