आठ म्हणजे इथले आठ

२०२३च्या मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे टोरंटोला यायचे होते. नायगारा काय, गाडीत बसलं की दीड तासात येतो. तो सगळेच दाखवतात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं फोनवर एकच, "धबधबा दाखवशीलच, पण तिकडच्या नद्या निघतात कुठून ते दाखव." म्हणून जुलैत रॉकीजला, पश्चिम कॅनडातल्या डोंगरांत, जायचं ठरलं. आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. बाबांचे गुडघे सोडले तर सगळे धडधाकट.

तिथल्या बान्फ नॅशनल पार्कला जायचं आणि मोरेन लेक बघायचा नाही, हे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघण्यासारखं. २०२१ साली जाऊन आलेल्या एका मित्रानं सांगितलं होतं, पहाटे चारला निघ, पार्किंग मिळतं. मी तेवढ्यावर निर्धास्त होतो. बायकोनं पार्क सांभाळणाऱ्या सरकारी खात्याची, पार्क्स कॅनडाची, साईट वाचली तेव्हा कळलं की २०२३पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद केल्यात. वरचं पार्किंग इवलंसं, ते चोवीस तास भरलेलं आणि लोक रात्रभर खालून घिरट्या घालायचे. आता जायचं तर शटलनं, आणि शटलची सीट ऑनलाइन. काही सीटा एप्रिलमध्ये एकदमच सोडतात, उरलेल्या रोज सकाळी आठला, दोन दिवस पुढच्या प्रवासासाठी.

एप्रिलमधला तो दिवस मी फोनवर लावून ठेवला. बरोबर आठला लॅपटॉप उघडला. बुकिंग सुरू झालेलं नाही, असं दिसलं. पाच मिनिटं थांबलो, परत तेच. वाटलं तारीख चुकली. मीटिंगला गेलो, अकरा वाजता सहज पुन्हा बघितलं तर आम्हाला हव्या त्या दिवसाच्या मोरेनच्या सकाळच्या सगळ्या सीटा साफ! आठ वाजता म्हणजे माउंटन टाइमचे, रॉकीजकडच्या घड्याळाचे आठ. टोरंटोत तेव्हा दहा वाजलेले असतात. एकाच देशात सहा घड्याळं चालतात हे मला माहीत होतं, नऊ वर्षं राहतोय इथं. पण माहीत असणं आणि डोक्यात असणं यात तेवढ्याच दोन तासांचं अंतर होतं. बायको काही बोलली नाही. हे बोलण्यापेक्षा वाईट.

म्हणजे आता भिस्त दोन दिवस आधीच्या सकाळवर. त्यानुसार अख्खी सहल उलटी मांडली: शनिवारी विमानानं कॅलगरी, रविवारी तिथूनच ड्रमहेलर, सोमवारी सकाळी हॉटेलात बसून बुधवारच्या सीटा पकडायच्या, मग डोंगराकडे.

विमानात चार तासांच्या वर गेले तेव्हा बाबांनी विचारलं, "अजून कॅनडाच का?" कॅलगरीला गाडी घेताना पहिला फटका बसला. लहान मुलाची सीट बुक केलेली होती, काउंटरवर ती नव्हतीच. दीड तास बसलो. आई तोवर सगळ्या लाउंजला दशम्या दाखवून झाली. विमान कंपन्या मुलाची कारसीट बहुतेक फुकट नेतात. घरचीच न्यायला हवी होती. आता नेतो.

ड्रमहेलरबद्दल मला फार अपेक्षा नव्हती आणि तेच सहलीतलं सगळ्यात सुखाचं ठिकाण निघालं. कॅलगरीहून दीड तास सपाट शेतं, मग एकाएकी जमीन खाली बसते आणि पट्ट्यापट्ट्यांच्या मातकट टेकड्या सुरू होतात. तिथं रॉयल टायरेल म्युझियम आहे, डायनासोर आणि इतर जीवाश्मांचं. गावात २६ मीटर उंचीचा एक टी-रेक्स उभा केलाय, पोटातून १०६ पायऱ्या चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. मुलगा तीनदा वर गेला. बाबा खाली बाकावर बसून टेकड्यांचे थर मोजत होते. लहान मूल घेऊन बान्फला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की एक दिवस इकडे काढा. डोंगर आणि तळी मोठ्यांसाठी असतात. पाच वर्षांच्या पोराला तिसऱ्या निळ्या तळ्यानंतर दगड फेकण्यापलीकडे काही उरत नाही.

सोमवार. सव्वासातला आम्ही दोघं हॉटेलच्या खोलीत दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो. खाती आधीच उघडून ठेवलेली, कार्डाचा नंबर समोर. आठच्या आधी आत गेलं की वेटिंग रूममध्ये टाकतात आणि आठला प्रत्येकाला रांगेतला नंबर मिळतो. आधी आलात म्हणून नंबर पुढचा, असं नाही. चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही येतो. माझा लांबचा आला, बायकोचा जवळचा. लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

तिची पाळी आली तेव्हा मोरेनचे सकाळचे तास गेलेले होते, दुपारी उशिराचे उरले होते. पण आदल्या रात्री नियम वाचताना तिला एक गोष्ट सापडली होती. शटल दोन तळ्यांना जातात, लेक लुईस आणि मोरेन. एका तळ्याचं तिकीट असलं की दोन तळ्यांमधली कनेक्टर बस त्याच तिकिटात. सगळ्यांची झुंबड मोरेनवर. लेक लुईसच्या सकाळच्या सीटा शिल्लक होत्या. तिनं नऊचा तास निवडला. मी म्हटलं, चार. मुलाला तिकीट फुकट आहे. ती म्हणाली, "फुकट आहे, पण सीट लागते ना त्याला? पाच!" मी गप्प. मोठ्यांना आठ डॉलर, ज्येष्ठांना चार, वर बुकिंगचे थोडे. कन्फर्मेशनचा मेल आला तेव्हा आईनं लॅपटॉपला नमस्कार केला. चेष्टेत केला की खरा, ते कळलं नाही.

आम्ही राहिलो कॅनमोरला. जुलैत बान्फ गावातल्या हॉटेलांचे दर विचारायची सोय नाही, आणि कॅनमोर तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. खोलीत छोटं स्वयंपाकघर होतं म्हणून वरण-भात होत होता. पार्कचा पास मात्र लागतोच. वर्षाचा घ्यायचा की दिवसाचा, यावर फार डोकं लावू नका. आठवडाभर राहणार नसाल तर दिवसाचाच परवडतो, सतरापर्यंतच्या मुलांना लागतच नाही. तिथंच बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, घेतला. तो विमानात ना हातात नेता येतो ना सामानात, त्यामुळे तिथं घ्यायचा आणि तिथंच सोडायचा.

मंगळवारी आइसफील्ड्स पार्कवे. लेक लुईसपासून जॅस्परपर्यंत हा रस्ता साधारण २३० किलोमीटर, आम्ही अर्ध्याहून थोडं पुढं, कोलंबिया आइसफील्डपर्यंत गेलो. बहुतेक रस्त्याला फोनची रेंज नाही, पेट्रोल पंप वाटेत एकच, सस्कॅचवान क्रॉसिंगला. नकाशा उतरवून ठेवा आणि टाकी भरा, याखेरीज सांगण्यासारखं काही नाही. पेयटो लेकच्या चढावर बाबांचे गुडघे बोलायला लागले होते. पण अथाबास्का हिमनदी दिसल्यावर ते बोलायचे थांबले, गुडघेही आणि बाबाही.

मोठ्या चाकांच्या गाड्या बर्फावर नेतात, त्यांचं तिकीट पाच जणांना जड होतं. आम्ही हिमनदीच्या टोकाकडे जाणाऱ्या पायवाटेनं गेलो. त्या वाटेवर अमुक साली बर्फ इथवर होतं, अशा पाट्या आहेत. १९९२च्या पाटीपाशी मी थांबलो. त्या साली मी पहिलीत गेलो. बर्फ तिथून बराच लांब वर दिसत होतं. सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागं गेलंय. वरून वारा असा येत होता की जुलैत कानटोपी हवी. आई गाडीतच बसली. टोकाशी दोरी आहे, वाटाड्याशिवाय बर्फावर पाय ठेवायचा नाही. वरून सपाट दिसतं, खाली भेगा असतात.

बाबांनी माहितीची पाटी दोनदा वाचून काढली. ह्या एका बर्फाच्या पठारावरून पाणी तीन समुद्रांना जातं. अथाबास्का उत्तरेला आर्क्टिककडे, कोलंबिया पॅसिफिकला आणि नॉर्थ सस्कॅचवान हडसन उपसागराकडून अटलांटिकला. "म्हणजे पाणलोटाची रेघ ह्या डोक्यावरून गेली," ते म्हणाले आणि हातानं हवेत तीन उतार काढून दाखवले. मग म्हणाले, "आमच्याकडं महाबळेश्वरला बघ, कृष्णा निघाली की पूर्वेला, सावित्री पश्चिमेला. हे तिथलंच, फक्त थोरलं." एकोणीसच्या पुरात आमच्या घरात चार फूट पाणी होतं. त्या माणसानं हिमनदीच्या गढूळ ओढ्यात बोटं बुडवली, अंगठ्यानं चोळली आणि मला म्हणाले, "गाळ आहे हा. पिठासारखा."

बुधवारी आठ वाजता लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगला गाडी लावली. वाटेत महामार्गावर झाडं लावलेले पूल लागतात. गाड्यांसाठी नाहीत ते, अस्वलं-हरणांना रस्ता ओलांडायला. बान्फमध्ये असे सहा पूल आणि अडतीस भुयारं आहेत. मुलगा प्रत्येक पुलाखाली अस्वल शोधत होता. आपण पुलाखालून जाताना ते वर दिसणार कसं, हे त्याला पटत नव्हतं.

पाचही जणांचं तिकीट स्कॅन झालं. लेक लुईसला तासभर काढला आणि कनेक्टरच्या रांगेत लागलो. इथं आरक्षण नाही, येईल त्या बसमध्ये बसा. चाळीसेक मिनिटं उभे होतो. बाबांना एक फोल्डिंग स्टूल आणलं होतं, ते अख्ख्या सहलीतलं सगळ्यात उपयोगी सामान. मोरेनला उतरलो तेव्हा ऊन तळ्यावर आलं होतं आणि रंग अक्षरशः कोणी ओतल्यासारखा. आई म्हणाली, "नीळ टाकलीय काय रे?" बाबांनी लगेच, "गाळ! काल दाखवला तो. तो पाण्यात तरंगतो, उजेड पडला की निळा दिसतो."

समोर दगडांचा ढीग आहे, रॉकपाइल. पायऱ्या आहेत, वीसेक मिनिटांचं काम. वरून दिसतं ते दृश्य पूर्वी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर होतं. बाबांनी स्टूल तीनदा उघडलं, तीनदा मिटलं आणि वर पोचले. तिथं आईनं चिवड्याचा डबा काढला आणि दगडामागून एक खार आली, पाठीवर पट्टे असलेली. "अगं बाई, रामाची खार! इथंपर्यंत आली?" तिनं शेंगदाणा उचलला. बायकोनं हात धरला. पार्कमध्ये प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे, दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आईनं मनात रुपये केले असावेत. डबा मिटला, पिशवीत गेला. खार अर्धा मिनिट पुढचे पाय जोडून बसली होती. आई तिला म्हणाली, "मी काय करू, ह्यांचा कायदा आहे."

परतीच्या बसला वेळ ठरलेली नसते, पुन्हा रांग. पाचला खाली आलो.

गुरुवारी सकाळी कॅनमोरच्या हॉटेलखाली गाडीत सामान भरताना आमचं मराठी ऐकून एक कुटुंब जवळ आलं, व्हँकुव्हरहून गाडीनं आलेलं, मूळचे नागपूरचे. न वापरलेला बेअर स्प्रे त्यांना देऊन टाकला. त्यांनी विचारलं, मोरेन लेकला पहाटे किती वाजता निघावं लागेल? मी गाडीचं दार मिटलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं: गाडी चालत नाही, लुईसचं तिकीट काढा, मुलांचीही सीट धरा, उद्या सकाळी आठला बसा. मागच्या सीटवरून काच खाली झाली.

"आठ म्हणजे इथले आठ हो," बाबा म्हणाले. "टोरंटोचे नव्हे."