बोल्ट काढायला बांदोड्याला

फोटो उघडला आणि नजर आधी गेली ती बोल्टवर. उभा पितळी बॉयलर, त्यावर काळी चिमणी, बाजूला छोटासा सिलिंडर आणि चाक. बॉयलरच्या माथ्यावर जिथे सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की वाफ बाहेर सोडणारी झडप, असायला हवा, तिथे षटकोनी डोक्याचा लोखंडी बोल्ट गच्च पिळून बसवलेला. खाली मित्राच्या काकांचा निरोप : "आजोबांचं वाफेचं इंजिन. यंदा चवथीला मुलांना चालवून दाखवायचं म्हणतो. स्पिरिट किती घालू?"

मी लगेच फोन लावला. "काका, काडी लावू नका. मी येतो."

खेळण्यातलं असलं तरी ते इंजिन खऱ्या वाफेवर चालतं. पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशेपट जागा मागते. ती जागा नाही मिळाली की दाब वाढत जातो, आणि व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट असेल तर तो पत्र्याच्या जोडातून वाट काढतो. भोवती मुलं बसलेली असताना. गेली पंधरा वर्षं मी ही इंजिनं जमवतोय आणि चालवतोय. माझ्याकडे बर्मिंगहॅमचं एक मॅमॉड आहे, जर्मनीचं एक विलेस्को आहे. पण असा बोल्ट बघितला की अजूनही पोटात गोळा येतो.

मिरजेहून रात्रीची गोवा एक्सप्रेस धरली. श्रावणाचा शेवटचा आठवडा, पाऊस लागून राहिलेला. कॅसलरॉकला जाग आली ती ब्रेकच्या आवाजानं. तिथून कुळ्यापर्यंत घाट इतका तीव्र आहे की दर ३७ फुटांना एक फूट उतार पडतो. ही लाइन पोर्तुगीजांच्या काळात, १८८० च्या दशकात, एका ब्रिटिश कंपनीनं बांधली. याच चढावर वाफेची इंजिनं मुरगावहून निघालेल्या गाड्या वर ओढत न्यायची. काळोखात दूधसागर दिसला नाही, पण दारात उभा होतो तर तोंडावर तुषार आले आणि बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही.

मडगावला उतरून कदंबाच्या बसनं फोंडा. स्टँडजवळ पातळभाजी-पाव आणि चहा. तिथून बांदोडे जवळच.

घर जुनं, चौसोपी. मधल्या राजांगणात तुळस, एका बाजूला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट धुऊन वाळत ठेवलेली. त्या पावसात ती कधी वाळणार कोण जाणे. काकूंनी माजघरातून इंजिन आणलं, तेही नऊवारीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून. तळाच्या पत्र्यावर विटांसारखी नक्षी छापलेली होती आणि एका कोपऱ्यात चौकटीत तीन अक्षरं : जी, बी, एन. गेब्र्यूडर बिंग, न्यूरेंबर्ग. मला क्षणभर बोलताच येईना. बिंग बंधूंचा कारखाना एकेकाळी जगातल्या सगळ्यांत मोठ्या खेळण्यांच्या कारखान्यांपैकी होता. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षांनी ही खूण बदलून 'बीडब्ल्यू' झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखानाच बुडाला. म्हणजे समोरचं इंजिन शंभरी ओलांडलेलं. काकांचे आजोबा मुंबईत एका पेढीवर होते, तिथून त्यांनी ते आणलं, एवढंच घरात माहीत होतं.

"जरा सोलांनी घासून ठेवू का? लख्ख होईल," काकू म्हणाल्या. नको म्हणालो. आमसुलाच्या आंबटानं पितळ उजळतं खरं, पण त्यावरचा मूळचा लाखेचा थर जातो, आणि तो गेला की परत आणता येत नाही. जुनं इंजिन जितकं काळवंडलेलं, तितकं ते स्वतःचं असतं. मऊ फडक्यानं धूळ पुसावी, गंजावर तेलाचा हात फिरवावा आणि थांबावं. नवा रंग तर मुळीच देऊ नये. इथे मी कुणाचंच ऐकत नाही.

चाक फिरत नव्हतं. सिलिंडरच्या भोवती हिरवा, मेणासारखा चिकट थर. काका लहान असताना कुणीतरी त्यात खोबरेल तेल घातलं होतं. खोबरेलात मेदाम्लं असतात, ती पितळातल्या तांब्याला लागतात आणि असा हिरवा साबण तयार होतो. सिलिंडर सोडवून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवला. सकाळी बोटानं हलवला तर घड्याळाच्या लंबकासारखा डोलला.

तो डोलतो यातच सगळी करामत आहे. मोठ्या इंजिनात वाफ आत सोडायला वेगळी झडप असते. इथे सिलिंडर एका खिळ्यावर झुलतो. त्याच्या पाठीला एक भोक, मागच्या स्थिर पट्टीत दोन. एका बाजूला झुकला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं आणि दट्ट्या ढकलला जातो. दुसऱ्या बाजूला झुकला की तेच भोक बाहेर जायच्या वाटेसमोर येतं आणि वापरलेली वाफ सुटते. झडप नाही, दांडे नाहीत, बिघडायला जवळपास काही नाही.

बोल्ट मात्र हट्टी निघाला. गंज सुटायचं तेल घालून, तासभर थांबून, पुन्हा घालून, शेवटी तो निघाला. माझ्याजवळचा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह त्या आट्यांना बसेना. मग काका आणि मी स्कूटरवरून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथल्या एका मेस्तानं इंजिन हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि हातातलं काम बाजूला ठेवून पितळी सळईतून लेथवर बुश कातून दिला. बाहेरून जुन्या आट्या, आतून माझ्या व्हॉल्व्हच्या. पैसे घेईना. "चालू झालं की व्हिडिओ पाठवा," एवढंच.

संध्याकाळी चाचणी. बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरायचा, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपानं गार पाण्याचाच दाब द्यायचा, रोजच्या दाबाच्या दुप्पट. जोड कच्चा असेल तर पाणी नुसतं ठिबकतं, वाफेसारखं फुटत नाही. काटा दोन बारवर नेला आणि दहा मिनिटं आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजांगणाच्या कडेला, ओसरीवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून बसलो. बॉयलर पाऊणभर डिस्टिल्ड पाण्यानं भरला. काकांना बजावून सांगितलं की आतलं पाणी संपू द्यायचं नाही. एक बार दाबाला पाणी १२० अंशांना उकळतं आणि पाणी आहे तोवर पत्रा फार तापत नाही. ते आटलं की पत्रा तापत जातो आणि १८३ अंशांच्या आसपास कथील-शिशाचं डाखकाम वितळायला लागतं. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही, म्हणून भरताना दिवा विझलाय याची त्याच्यावर हात धरून खात्री करायची. शेजारच्या दादांनी फेणी चालेल का विचारलं. पेटते, पण तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, ज्योतीत दम येत नाही.

आठेक मिनिटांनी बॉयलर गुणगुणू लागला. सिलिंडरमधून आधी गरम पाण्याचे थेंब उडाले. काकांनी बोटानं चाकाला हलका झटका दिला, एकदा, दोनदा. तिसऱ्या झटक्याला ते धावलं. टकटकटकटक. जाड सिलिंडर ऑइलचा तो गोडसर, जळका वास ओसरीभर पसरला. मग व्हॉल्व्हनं फुस्स करून पांढरा तुरा सोडला आणि काकू मागे सरल्या. "हे बरं आहे, घाबरू नका," मी म्हणालो. त्या फुस्ससाठीच तर मी आलो होतो.

काका काही बोलले नाहीत. पाणी पाव उरेपर्यंत चाकाकडे बघत राहिले, मग स्वतःच दिवा काढून विझवला, बरोबर सांगितला होता तसा.

मी विचारलंच. असं बिंग पुन्हा दिसायचं नाही हे मला कळत होतं. "काका, कधी द्यायचं ठरलं तर..."

"नाही रे. हे घरचं."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या मिरजेच्या कपाटात ते पंधरा इंजिनांतलं एक झालं असतं. इथे माटोळीखाली सात-आठ पोरं त्याच्यासमोर मांडी घालून बसणार होती. सिलिंडर ऑइलची माझी बाटली आणि दोन जादा वॉशर काकांकडे ठेवून निघालो.

चतुर्थीच्या संध्याकाळी व्हिडिओ आला. आरतीच्या झांजांत इंजिनाचा आवाज ऐकूच येत नव्हता, पण चाक फिरत होतं. तो मी कुंडईच्या मेस्ताला पाठवून दिला. बोल्ट माझ्या टेबलावर आहे.