मिरचीपेक्षा तिखट स्वस्त

निपाणीत आमचं घरगुती मसाल्याचं काम आहे. ऑर्डरी ऑनलाइन येतात, बहुतेक पुण्या-मुंबईकडून, इकडनंच तिकडे गेलेल्या माणसांच्या. यंदा हंगामाच्या तोंडावर एका व्यापाऱ्याचा फोन आला. संकेश्वरी तिखट तयार, पाकिटावर लेबल तुमचं, ऑर्डर पडली की माझ्या गोदामातून परस्पर गिऱ्हाइकाच्या दारात. ड्रॉपशिपिंग. भांडवल अडकत नाही, उन्हात मिरची राखायला माणूस नको. दीर भलतेच खूश. त्यांचं चुकत होतं असं नाही. वर्षाची मिरची एकदम भरायची म्हणजे लाखाच्या वर पैसा पोत्यांत जाऊन बसतो.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र म्हणाल्या, "आधी सौद्याला जाऊन येऊया."

गडहिंग्लजला गेलो. नाव संकेश्वरचं, गाव कर्नाटकात, आणि या जवारी, म्हणजे देशी, मिरचीचे सौदे महाराष्ट्रात. आमच्या भागात याचं कुणाला काही वाटत नाही. आवारात शिरताच ठसका. आत्तींनी पदर नाकाला लावला आणि ढीग बघत सुटल्या. मिरची कानाशी धरून हलवायची: आत बी वाजलं तर वाळलेली. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. दोन ढीग त्यांनी नुसत्या हातानेच नाकारले, मऊ लागले म्हणून. ओली मिरची वजनाला भरते आणि पोत्यात बुरशी धरते. कायद्यानेही मिरचीत 11 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, पण आत्तींना टक्के लागत नाहीत.

सौदा पुकारला. भाव ऐकून मी फोनमधला व्यापाऱ्याचा दर काढून दाखवला. आत्ती बघतच राहिल्या.

"मिरचीपक्षा तिखट स्वस्त कसं पडूलाय गं?"

हिशेब तिथेच संपला. देठ काढायचे, पुन्हा ऊन द्यायचं, डंकावर कुटायचं, चाळायचं. प्रत्येक ठिकाणी घट आणि वर मजुरी. अख्ख्या मिरचीहून पूड महाग पडायला हवी. मी तिथूनच फोन लावला. तो आढेवेढे न घेता म्हणाला, "मॅडम, तेजा असते की त्यात. सगळेच घालतात."

तेजा वाईट नाही. आंध्र-तेलंगणाची जात आहे, झणझणीत आहे. मिसळही वाईट नाही. तिखटाला जवारी आणि रंगाला ब्याडगी हे तर आमच्याकडे घरोघरी चालतं. पण पाकिटावर संकेश्वरी लिहिणार आम्ही, खाली एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 आकडी नंबर आमचा, आणि शिरसीच्या नाहीतर दादरच्या बाईला चव कळली की फोनही आम्हालाच.

झेपेल तेवढी जवारी अख्खी घेतली. ब्याडगी बेळगावच्या अडत दुकानातून, तीही अख्खी, कारण पूड झाल्यावर कुणाच्या बापाला ओळखता येत नाही. साइटवर जवारीच्या पाकिटांचा आकडा मर्यादित ठेवला आणि दर वाढवला. दिरांनी दोन दिवस तोंड पाडलं.

त्या व्यापाऱ्याला सोडलं मात्र नाही. आमच्या हॉटेलवाल्या गिऱ्हाइकांना नुसता झणका हवा असतो, गावाचं नाव नको. त्यांच्यासाठी तेजा त्याच्याकडूनच येते, परस्पर, लेबलावर 'तेजा' असं छापून. आत्तींना तेही पसंत नाही.