फळे

पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि सहा आठवडे काठमांडूच्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहून आले. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत अजूनही कोणी ना कोणी विचारतं, "कशी होती हो ती अनाथ मुलं?" हल्ली मी आधी तो शब्द दुरुस्त करते.

जाणं सोपं होतं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार चालत नाही. माझ्या पासपोर्टची मुदत संपलेली, म्हणून मतदार कार्डासाठी दोन दिवस कपाटं उपसली. ह्यांच्या एलआयसीच्या फायलीत सापडलं! पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मी आपणहून काढला. पाठवणाऱ्या संस्थेने तो मागितलाच नाही, पैसे मात्र आगाऊ घेतले. शंकेची पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती.

पोचले त्या संध्याकाळी सात-आठ वर्षांची एक मुलगी जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मिस, कहिले जाने?" कधी जाणार? नाव तिने दुसऱ्या दिवशी विचारलं.

लिपी देवनागरीच, त्यामुळे मुलं माझ्या कापडी पिशवीवरची अक्षरं वाचायची. त्यावर 'ताजी फळे' छापलेलं. ही पोरगी 'फ'वरून पुढे सरकेना. "यो के हो?" नेपाळीत ळ नाही. मी तोंड उघडून दाखवलं, जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची आणि सोडायची. आधी 'फले', मग 'फरे', तिसऱ्या दिवशी एकदम खणखणीत 'फळे'. मग काय, रोजचं दालभात 'दाळभात' झालं. रात्री ती माझी ओढणी बोटाला गुंडाळून झोपायची. फोनवर मी ह्यांना सांगितलं, "हिला जगात कोणी नाही हो."

निघायच्या आदल्या आठवड्यात तिची आई आली. जुम्ल्याहून, म्हणजे पार दूरच्या डोंगराळ जिल्ह्यातून, बसने, सुकवलेल्या सफरचंदांची पिशवी घेऊन. गावात आलेल्या एका माणसाने शिक्षणाचं आमिष दाखवून पोरीला आणलं होतं. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. आमच्यासारखे पैसे भरून येणारे पाहुणे असले की बालगृहं भरलेली ठेवण्यात कोणाचा तरी फायदा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 मध्ये ठराव करून अशा स्वयंसेवेतून मुलांचं होणारं नुकसान रोखायला सांगितलं होतं. हे सगळं ठाण्यात बसून वाचता आलं असतं. मी तिथली थंडी किती, एवढंच पाहिलं होतं.

आई दारात उभी, आणि पोरगी माझ्या पाठीमागे, ओढणी मुठीत घट्ट. तिला आईकडे जायचं नव्हतं. चाळीस वर्षं मुलांत काढलेली मी, पण इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. ओढणी गळ्यातून काढून तिच्याच हातात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडायला बसले.

बऱ्याच वेळाने खिडकीतून पाहिलं. दोघी पायरीवर सफरचंदाच्या फोडी खात होत्या. पोरगी तोंड उघडून आईला जीभ कुठे लावायची ते दाखवत होती. आईला काही ते जमत नव्हतं. दोघी हसत होत्या.