घेणाऱ्याच्या नावे

शनिवार, रात्र

हावदाला, म्हणजे शब्बाथ सरतानाची आम्हा ज्यूंची प्रार्थना, झाली. मेणबत्ती विझली, वासाला घेतलेल्या लवंगा अजून वाटीत पडून आहेत. शब्बाथात, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, लेखणी धरायची नाही, म्हणून शुक्रवार संध्याकाळपासूनचं सगळं मनात धरून ठेवते आणि आत्ता वहीत उतरवते.

वही साधीच आहे, शंभर पानी. आडव्या तेरा ओळी, उभे सात रकाने. ओळींत गुण, रकान्यांत वार. जो गुण ज्या दिवशी हुकला त्या चौकटीत ठिपका. लक्ष मात्र आठवडाभर एकाच गुणावर ठेवायचं. तेरा आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून. तेरा चोक बावन्न, वर्ष भरतं. आमच्या पंचांगातला, माफी मागायचा एलूल महिना लागला त्या दिवशी सुरुवात केली. पहिला आठवडा मनाच्या स्थैर्याचा होता, हा दुसरा सवलानुतचा, म्हणजे सहनशीलतेचा.

याला हिब्रूत म्हणतात हेश्बोन हानेफेश, जिवाचा हिशोब. आपला हिशोब अरबीतून आला, आणि अरबी-हिब्रूचं मूळ एकच, तेव्हा हेश्बोन आणि हिशोब चुलतभाऊच. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात गेली माझी. रोजकीर्द, खतावणी, आणि शेवटी दोन्ही बाजूंचा ताळा बघायची तेरीज. म्हणून भाच्याने इस्राएलमधल्या बीरशेबाहून फोनवर हे सांगितलं तेव्हा लगेच पटलं.

ही रीत लिहून ठेवली मेंडेल लेफिन यांनी. ते पोदोलियातल्या सातानोव गावचे, आताच्या युक्रेनमधले. पुस्तक 1808 मध्ये छापलं गेलं. तेरा गुणांची आणि ठिपक्यांची कल्पना त्यांनी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतली आणि तिला ज्यू घडण दिली. दुसऱ्याची चांगली रीत नि:संकोच उचलावी, हे मला फार आवडलं. पुढे लिथुआनियात रब्बी इस्राएल सलांतेर यांनी ते पुस्तक पुन्हा छापवलं आणि मुसार नावाची चळवळच उभी केली. मुसार म्हणजे शिस्त, शिकवण. त्यांचं दुखणं असं की माणसं ताटातल्या घासाचा कोशेरपणा, म्हणजे तो धर्माच्या नियमात बसतो का हे, डोळ्यांत तेल घालून बघतात आणि तोंडातून निघणारा शब्द मात्र तपासत नाहीत. त्यांनी मुसारघरं काढली. तिथे नुसत्या पंडितांनी नव्हे, दुकानदारांनीही येऊन बसावं अशी इच्छा. तिन्हीसांजेला, मिनखा आणि आरवीत या दोन प्रार्थनांच्या मधल्या अंधुक उजेडात, एकेक वाक्य सुरात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणायचं. डोक्याला कळलेलं काळजापर्यंत उतरत नाही, त्यासाठी आवाज लागतो, असं ते मानत.

त्यांच्या पुढच्या पिढीत नोवारदोक गावची शाळा फार कडक निघाली. तिथले विद्यार्थी औषधाच्या दुकानात जाऊन मुद्दाम खिळे मागायचे, लोक हसले तरी आपण डगमगू नये म्हणून. मला हे रुचत नाही. लाज मारायच्या नादात बिचाऱ्या दुकानदाराचा वेळ कुणाच्या खाती धरायचा?

आमच्या घरात मुसार हा शब्द कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवला, शेमा ही एक देवाची प्रार्थना म्हटली, मुलांच्या सुंता केल्या, एवढ्यावर पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या धर्म सांभाळला. लिथुआनियातलं विल्ना आणि आमचं कोकणातलं नवगाव यांची गाठ पडायचं कारणच नव्हतं. पण आजी दिवेलागणीला उंबऱ्यात बसून म्हणायची, "आज कुणाला लागेलसं बोलले का गं मी?" आम्ही पोरं नाही म्हणायचो आणि खेळायला पळायचो. तिच्याजवळ वही नव्हती एवढंच.

सवलानुतबद्दल भाचा म्हणाला, "आत्या, हा शब्द सबलवरून आलाय. सबल म्हणजे हमाल." ते ऐकल्यापासून आठवडाभर बाजारपेठेतल्या हमालांकडे बघत होते. पाठीवर गोणी घेतलेला माणूस बोलत नाही. श्वास राखून चालतो. आपण मात्र कुणाचा शब्द मनाविरुद्ध ऐकून घेतला की लगेच चार जणांना सांगतो, मी किती सहन केलं. सहन करणं म्हणजे वाहणं, आणि वाहणारा तोंड मिटून वाहतो, हे बुधवारी उपयोगी पडलं. पेढीवरच्या नव्या मुलाने अख्खं पान चुकीच्या खात्यात चढवलं होतं. मी काही बोलले नाही, शेजारी खुर्ची ओढून बसले, दोघांनी मिळून उतरवलं. सोमवार आणि मंगळवारी मात्र ठिपके आहेत, दोन्ही घरातले.

आता शुक्रवार.

पेढीतून निघायला उशीर झाला, वर पाऊस. रिक्षाच्या रांगेतून घरकामाच्या मावशींना फोन केला, "मी येईपर्यंत थांबाल का?" एरवी त्या साडेपाचला निघतात. घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. ओटा लख्ख, नारळाचं दूध काढून मटणात पडलेलं, काळ्या मनुका चोळून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, शरबत गाळून झाकून ठेवलेलं. किती वर्षं बघून बघून त्यांचा हात माझ्याहून चांगला बसलाय. चोथा एवढा कोरडा पिळतात की फडक्याला रंग राहत नाही. मी साडी बदलली, वेळेत दिवे लावले, आवाज चढला नाही, काही सांडलं नाही. मनात म्हटलं, सवलानुत, शुक्रवार, चौकट स्वच्छ.

चपला घालताना मावशी म्हणाल्या, "आज पाणी गेलं वाटतं."

मी ऐकलं. हातात काड्यांची पेटी होती. हं म्हटलं.

रात्री जेवणाआधी हात धुताना ते वाक्य परत आलं. त्यांच्या वस्तीत नळ सहाला येतो आणि पाऊण तासात जातो. हे मला दहा वर्षं माहीत आहे. तांब्या तिरका करून एकेका हातावर तीन तीनदा पाणी घेत होते आणि रब्बी सलांतेर यांची लोक सांगतात ती गोष्ट आठवली. ते जेवणाआधी हात धुवायला नियमात बसेल तेवढंच पाणी घेत, जेमतेम. विद्यार्थ्यांना नवल वाटलं, हे तर सढळ हाताने करायचं पुण्य. ते म्हणाले, विहिरीवरून पाणी घरातली मोलकरीण आणते. तिच्या खांद्यावर मी पुण्य करू नये. दुसरी एक गोष्ट पेसाख सणाची. मात्साच्या, म्हणजे त्या सणाच्या बिनखमिराच्या रोटीच्या, भाजणीवर देखरेख करायला निघालेल्या शिष्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त कशाला जपू? उत्तर मिळालं, कणीक मळणारी बाई विधवा आहे, तिला घाई करू नका.

गोष्टी मला पाठ होत्या. मागच्याच आठवड्यात भाचीला सांगितल्या होत्या.

पेढीवर नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते ते सूत्र: देणाऱ्याच्या खाती जमा, घेणाऱ्याच्या नावे. शुक्रवारची ती स्वच्छ चौकट मी माझ्या खाती जमा धरली होती. ओझं मावशींनी वाहिलं, पाऊण तास त्यांचा, पाणी त्यांचं. जमा त्यांच्या खाती जायला हवी आणि माझ्या नावे पडायला हवं. तेरीज जुळली तरी अशी चूक सापडत नाही, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार! आकडा बरोबर, खातं चूक.

आत्ता चौकटीत ठिपका दिला. मग त्याआधीच्या शुक्रवारी नजर गेली. तीही स्वच्छ होती. त्या दिवशीही मावशी थांबल्या होत्या.

एलूल सरताना आम्ही एकमेकांची माफी मागतो. योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास देवाच्या देण्याला चालतो, माणसाचं देणं माणसाकडेच फेडावं लागतं. मी दरवर्षी नात्यातल्या पन्नासेक जणांना निरोप धाडते. मावशींना एकदाही म्हटलेलं नाही.

रविवार, संध्याकाळ

सकाळी सलीखोतला, म्हणजे माफीच्या प्रार्थनांना, जाऊन आले, मग मावशींची वाट बघितली. त्या भांडी घासायला बसायच्या आत सांगितलं, शुक्रवारी तुमचं पाणी माझ्यामुळे गेलं, मला ते ठाऊक होतं, तरी थांबवलं, चुकलं माझं. मनुका यापुढे मी गुरुवारी रात्रीच भिजत घालीन, तुम्ही साडेपाचला निघायचं, मी आलेली असो वा नसो.

त्यांनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, "अहो ताई, त्यात काय! पोरीने आणलं की हापशावरून. चार खेपा केल्या."

त्यांची मुलगी दहावीला आहे.