दाबणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं

आपण स्क्रीन जोरात दाबली तर फोनला ते कळतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बहुतेक फोनना दाब कळतच नाही. कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटामुळे होणारा विद्युत बदल ओळखणाऱ्या, स्क्रीनला एवढंच समजतं की बोट कुठे टेकलंय आणि किती जागा व्यापतंय. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप्सना प्रेशर म्हणून एक आकडा मिळतो खरा, पण अनेक फोनवर तो बोटाच्या व्यापावरून काढलेला अंदाजच असतो, म्हणजे अंगठा आडवा टेकवला तर जोर न लावताही आकडा वाढू शकतो.

खरा दाब मोजला तो २०१५ च्या आयफोन ६एसने, थ्रीडी टच नावाने. बॅकलाइटमध्ये, म्हणजे स्क्रीनमागून उजेड देणाऱ्या थरात, कपॅसिटिव्ह सेन्सर बसवले होते, बोट दाबलं की वरची काच डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकायची आणि काच ते सेन्सर हे अंतर किती बदललं ते मोजलं जायचं. डेव्हलपरला जो आकडा मिळायचा त्यात १ म्हणजे साधारण सरासरी स्पर्श, त्यामुळे हलकं कुठे संपतं आणि जोराचं कुठे सुरू होतं ते सॉफ्टवेअरलाच ठरवावं लागायचं.

आणि खरी गंमत इथेच आहे, कारण नुसता आकडा म्हणजे जेश्चर, म्हणजे बोटाने फोनला केलेली खूण, नव्हे. बोट मऊ असतं, दाबलं की पसरतं, थोडं कलतं, आणि मग स्पर्शाचा मध्यबिंदूही सरकतो, आपण बोट हलवलेलं नसतं पण स्क्रीनला वाटू शकतं की स्क्रोल सुरू झाला! म्हणून थोडंसं सरकणं माफ करावं लागतं. शिवाय दाब कधीच स्थिर नसतो, एकच मर्यादा ठेवली तर त्या रेषेवर जेश्चर सारखं चालू-बंद होत राहील, म्हणून चालू व्हायला जास्त दाब आणि बंद व्हायला कमी अशा दोन मर्यादा ठेवणं बरं पडतं.

थ्रीडी टचमधलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे कीबोर्ड. कीबोर्डवर कुठेही दाबा, कर्सर बोटामागे फिरायला लागतो, बोट न उचलता आणखी जरा दाबा की शब्द सिलेक्ट. आता स्पेसबार धरून ठेवायचा आणि सिलेक्शनसाठी दुसरं बोट टेकवायचं. जमतं, पण तसा ओघ नाही राहिला.

२०१९ च्या आयफोन ११ पासून थ्रीडी टच गेलं आणि त्याजागी हॅप्टिक टच आलं, म्हणजे मुळात लाँग प्रेस, बोट धरून ठेवणं. लोकांना थ्रीडी टच सापडायचंच नाही हे मला मान्य आहे, कुठलं बटण दाबण्यासारखं आहे ते स्क्रीनवर दिसायचं नाही. पण लाँग प्रेसमध्ये वेळ फोन ठरवतो, साधारण अर्धा सेकंद, आणि दाबात वेळ आपण ठरवतो, दिवसभर फोन हातात असणाऱ्याला हा फरक जाणवतोच.

पिक्सेल ४ या आपल्या फोनमध्ये गूगलने वेगळी वाट धरली, वेगळा सेन्सर न लावता बोट टेकल्यावर त्याचा ठसा कसा बदलत जातो ते मशीन लर्निंगने बघायचं आणि मुद्दाम दाबलंय का ते ओळखायचं. मला हे फार हुशारीचं वाटतं, कारण लाँग प्रेससाठी थांबावं लागतं तो वेळ यात कमी होतो. पण त्यातून दाबलं की नाही तेवढंच कळतं, आणि कीबोर्डची ती दुसरी पायरी परत यायची असेल तर किती दाबलं तेही कळायला हवं.