रवडू

रविवार, रात्री साडेदहा

बी.एड.च्या सीईटीला चांगले गुण पडलेत. घरात सगळ्यांनी धरूनच चाललंय की मी बी.एड. करणार आणि हायस्कूलला विज्ञान शिकवणार. मी मात्र चार दिवसांपासून डी.एल.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचा, अर्ज अर्धवट भरून ठेवलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. लहान पोरांचा वर्ग हवा असेल तर हाच रस्ता, आणि तो आत्ताच धरायला हवा.

बाबा आज जेवताना म्हणाले, "बी.एस्सी. होऊन आता बारावीवरचा कोर्स करायचा? अ आ इ शिकवायला?" रागानं नाही, काळजीनं म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

त्यांना रवडूची गोष्ट सांगायला हवी होती. जमलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आई वस्तीवरच्या शाळेत खिचडी शिजवते. जानेवारीत तिच्यासोबत मीही जायला लागले. चार वर्ग, दोन शिक्षक. मॅडमकडे पहिली-दुसरी एकत्र, त्यात कधी ऑनलाइन माहिती भरायची, कधी मतदार यादीचं काम. त्या म्हणाल्या, पहिलीची पाच पोरं घेऊन बसशील का? त्यातला एक आजीजवळ राहणारा. आईवडील मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले. तो 'खडू' हा शब्द 'रवडू' असा वाचायचा. मी रोज म्हणायची, "रवडू नाही रे, खडू." तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रवडू. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला. तो गप्प झाला, मग दिवसभर एक अक्षर वाचेना.

रात्री मी तो तक्ता डोळ्यांसमोर आणला आणि चरकले. हातानं लिहिलेल्या त्या तक्त्यात ख म्हणजे खरंच र आणि शेजारी व होता. पोरगं समोर दिसतं तेच वाचत होतं. चुकत मी होते!

सकाळी फरशीवर र काढला, जरा अंतर ठेवून व काढला. "हे काय?" "रव." मग र चा पाय ओढून व ला नेऊन जोडला. "आता दोघांनी हात धरला. आता हा ख." त्यानं त्या जोडावरून दोनदा बोट फिरवलं. मग स्वतःच उठून फळ्याजवळचा तुकडा आणला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "खडू."

पुढे त्यानं टाकीवरचं 'पाणी' वाचलं आणि विचारलं, "आमी तर पानी म्हंतो, मग ह्यो ण कशाला?" काय सांगायचं? घरचं चूक म्हणायचं नाही, पुस्तकातलंही शिकवायचं. तीन वर्षं रसायनशास्त्र शिकले, पण एखाद्या प्रश्नानं इतकी झोप उडवलेली आठवत नाही. अ आ इ सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक आठवडा पहिलीवर बसावं.

पैशाची भीती खरी आहे. दोन वर्षं कोर्स, मग टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर, १५० पैकी ९० गुण, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसायचं. निवड झालीच तर तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक, महिना १६,०००. चुलतभाऊ दादानं डी.एड., म्हणजे हाच कोर्स जुन्या नावानं, केला तेव्हा भरतीच थांबली होती. पहिली अभियोग्यता चाचणी झाली ती थेट २०१७ मध्ये, तोवर त्याचं झेरॉक्सचं दुकान उभं राहिलं होतं आणि घर त्याच्यावर चालत होतं. माझंही तसंच होणार नाही, असं मला कोण सांगणार?

त्यालाच संध्याकाळी फोन केला. वाटलं, नको म्हणेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सराव पाठाला केलेले माझे तक्ते माळ्यावर आहेत. टाकवले नाहीत. लागले तर घेऊन जा."

अर्जातली उरलेली पानं आत्ता भरली. शुल्क राहिलंय, ते बाबांशी बोलल्यावर. उद्या आधी दादाकडे जाऊन तक्ते खाली काढायचे आणि त्यानं ख कसा काढलाय ते बघायचं.